उन्हाळ्यातले भाचे

इंचकॅरा बेट
सोमवार, ४ जुलै १९५५

प्रिय नॅन,

पाकाचा डबा पोचला. रॅबला सांग, त्याच्या साखर कारखान्याचं भलं होवो. डबा मी मागच्या घरात आणून ठेवला आहे, कारण शनिवारपासून माझा मुक्काम इथेच. खाट, किटली, मांजर आणि नीलचा फोटो एवढंच बरोबर आणलं. मोठं घर दरवर्षीसारखं सुट्टीवर येणाऱ्यांना दिलं. पत्र्यावर पहाटे चारपासून समुद्रपक्षी नाचतात. खिडकीही अजून नीट बसत नाही. नील जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून मी तिच्या फटीत त्याचा जुना कोट कोंबते आहे.

यंदा पाहुणा एकटाच आहे. वॉल्टर पर्डी नाव, वय सव्वीस-सत्तावीस. दोन खोल्यांचं घर, तीन आठवडे आणि माणूस एक. बरोबर बायको नाही, पोरं नाहीत, सायकल नाही, पोहायचे कपडेसुद्धा नाहीत. फक्त एक पिशवी आणि एक लांबट लाकडी पेटी. ती उचलायला मी हात लावला तर म्हणाला, राहू द्या, जड आहे.

आल्या आल्या मी त्याला नेहमीचं सांगून टाकलं. तुला पाठच आहे ते. हे घर जमीनदाराच्या इस्टेटीचं, मी नुसती कूळ, म्हणून इस्टेटीचा कोणी विचारायला आला, तर तू पाहुणा नाहीस, माझा भाचा आहेस, माझ्या ग्रीनॉकच्या बहिणीचा, नॅनचा मुलगा. बाकीचे सगळे हे ऐकून हसतात. गेल्या वर्षीची पोरं तर दोन आठवडे मला मावशी मावशी करून बिस्किटं मागत होती. हा हसला नाही. पेटी खाली ठेवली. मग म्हणाला, "असं तुम्ही सगळ्यांनाच सांगता?"

मी भाबडेपणाने हो म्हटलं. सगळ्यांनाच सांगते, सगळं बेटच सांगतं, जुलैत आमच्याकडे भाच्या-पुतण्यांचं पीक येतं. तो पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधू लागला. तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नॅन, मी माझ्याच तोंडाने सगळं कबूल करून बसले. इस्टेटीच्या कारभाऱ्याने, त्या लॅम्बीने, वसंतात टपालघराच्या दारावर नोटीस लावली आहे. परवानगीवाचून घर भाड्याने दिलं तर कूळ बाहेर. मॅकॲलिस्टरांना काढलंसुद्धा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी या घरात आहे. ते गेलं तर या वयात मी कुठे जाऊ?

त्याचं जागा मागणारं पत्र मी वाचून चुलीत घातलं होतं. मी कुणाचेच पत्ते ठेवत नाही, पाहुण्यांची वहीही ठेवत नाही. लॅम्बीच्या हाती कागद लागायला नको. तेवढी अक्कल तरी मी दाखवली.

तुझी,
बेथिया


ग्रीनॉक
बुधवार, ६ जुलै

प्रिय ताई,

तुला दर उन्हाळ्यात एक हेर लागतोच. गेल्या साली त्या दोन शिक्षिका तुझ्या घराचं चित्र काढत बसल्या, तर तू आठ दिवस जेवली नव्हतीस. शेवटी त्यांनी ते चित्र तुलाच भेट दिलं आणि आता ते तुझ्या भिंतीवर आहे.

एखादा माणूस एकटा सुट्टीवर गेला तर त्यात गुन्हा काय? बिचाऱ्याचं लग्न मोडलं असेल. त्याला हेरिंग मासे तळून घाल, ओट्सच्या पिठात घोळवून. तुझ्या हातचं खाल्लं की लॅम्बीसुद्धा मऊ होईल. आणि माझ्या नावावर आतापर्यंत किती भाचे जमवलेस गं? माझ्या दोन मुलींना इतके भाऊ आहेत हे त्यांना कळलं, तर त्या वाढदिवसाच्या भेटी मागायला लागतील.

रॅबची पाठ पुन्हा धरली आहे, म्हणून यंदाच्या सुट्टीत आम्ही कुठेच जात नाही. तू दरवर्षी बोलावतेस आणि मी दरवर्षी नाही म्हणते. राग मानू नकोस.

तुझी,
नॅन


इंचकॅरा
शनिवार, ९ जुलै

प्रिय नॅन,

तू हस. तुझं घर रॅबच्या नावावर आहे.

मंगळवारी मी मोठ्या घरात केर काढायला गेले, तर हा शेकोटीवरच्या आपल्या फोटोसमोर उभा. धक्क्यावर तू आणि मी, मागे बाबा होडी बांधताहेत, तो फोटो. यातली नॅन कोणती, म्हणाला. मी दाखवली. मग एकामागून एक सुरू झालं. ती आता किती वर्षांची, ग्रीनॉकला कधी गेली, नवरा काय करतो, मुलं किती. मी म्हटलं, दोन मुली. तर म्हणतो, "मुलगा नाही?" खोटा भाचा पकडायची ही सरळ वाट आहे, नॅन. बहिणीला मुलगाच नाही हे मी कागदावर सही केल्यासारखं सांगून बसले.

पुढचं ऐक. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही दोघी लग्नाआधीच्या मॅकब्राइड." विचारलं नाही, सांगितलं. मी हे नाव त्याच्यासमोर उच्चारलंसुद्धा नव्हतं. असली माहिती कुणाकडे असते? कुळांच्या नोंदी असतात त्यांच्याकडे.

आणि काल मी दूध घेऊन परत आले, तर तो माझ्या मागच्या घराच्या खिडकीशी मोजपट्टी घेऊन उभा. लांबी मोजली, रुंदी मोजली, पुन्हा मोजली, वहीत लिहिलं. मला बघून नुसती मान हलवली. लॅम्बीला आता म्हणता येईल की बेथिया सिलर्स उन्हाळ्यात इतक्या बाय इतक्या गोठ्यात झोपते आणि घर भाड्याने देते.

एक मात्र कबूल करते. हेरिंग त्याने चार खाल्ले आणि ताटली स्वतः धुतली. पण हेरसुद्धा जेवतात.

बेथिया


ग्रीनॉक
सोमवार, ११ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. तू म्हणतेस त्यात तथ्य असेल, मी उगाच चेष्टा केली.

तो मूळचा कुठला, हे विचारलंस का? जन्म कुठला, वय नक्की किती? केस कसे आहेत? मी आपलं सहज विचारते. टपालघरातल्या मिसेस मॅकमास्टरला सांग, ती दगडालाही बोलतं करते. तिला सगळं कळेल, पण तिला माझ्याविषयी काही बोलू देऊ नकोस.

तो फोटो शेकोटीवरून काढून ठेव. आणि पुढच्या पत्राच्या पाकिटावर माझं एकटीचं नाव घाल. सकाळचं टपाल रॅब उचलतो. पाठ दुखत असताना त्याला बेटावरच्या कटकटी वाचायला लावायच्या नाहीत, म्हणून ही पत्रं मी त्याला दाखवत नाही.

नॅन


इंचकॅरा
गुरुवार, १४ जुलै

प्रिय नॅन,

केसांवरून हेर ओळखता येतात हे मला माहीत नव्हतं. तांबूस आहेत, बाबांसारखे. पण इथे निम्म्या बेटाचे तसेच आहेत. मिसेस मॅकमास्टरने तिकिटं विकता विकता सगळं काढून घेतलं. जन्म एअर गावाच्या बाजूचा, फेब्रुवारी १९२९. आईबाप दोघंही वारले, आई गेल्या हिवाळ्यात. धंदा विचारला तर म्हणाला, सुतार. सुतार तीन आठवडे सुट्टी घेतो होय?

आता खरी बातमी. काल तो इस्टेटीच्या लाकूड गिरणीत गेला होता. मी उतारावरून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिथे लॅम्बी उभा होता आणि दोघं अर्धा तास बोलत होते. शेवटी लॅम्बीने त्याच्या खांद्यावर थाप मारली. मला लॅम्बीने बावीस वर्षांत कधी नमस्कारही केलेला नाही. परत आला तो खांद्यावर फळ्या घेऊन. मॅकॲलिस्टरांच्या दारावर नोटीस ठोकली, ती अशाच फळीवर होती.

मी रात्री मांजराला पोटाशी घेऊन पडते आणि भिंतींकडे बघते. नीलने या भिंतींना चुना लावला तेव्हा मी शिडी धरली होती. नॅन, मला घर सोडायचं नाही. मला भीती वाटते, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

बेथिया


ग्रीनॉक
शुक्रवार, १५ जुलै

ताई,

त्याला घालवून दे. उद्याच्या बोटीने नाही जमलं तर सोमवारच्या. तो इस्टेटीचाच आहे, यात शंका नाही. रॅबच्या ओळखीचा एक जण सांगत होता, की इस्टेटी एअरकडची असली तरणी माणसं पाठवतात आणि ती घरच्यासारखी वागून सगळं काढून घेतात.

माझ्याबद्दल आता एक शब्द बोलू नकोस. विचारलंच तर सांग, नॅन कॅनडाला गेली, पत्ता माहीत नाही. आणि हे पत्र जाळ.

नॅन


इंचकॅरा
सोमवार, १८ जुलै

नॅन,

पत्र जाळलं. पण जाळण्याआधी दोनदा वाचलं.

ही पत्रं तू रॅबला दाखवत नाहीस. मग त्याच्या ओळखीच्या माणसाने तुला माझ्या पाहुण्याविषयी सांगितलं कसं? पहिल्या पत्रात तू मला हसत होतीस. दुसऱ्यात त्याचे केस विचारलेस. तिसऱ्यात एकदम काळ्या दगडावरची रेघ. घर माझं जायचं आहे आणि थरथर तुझी चालली आहे. बाबांच्या मातीला सोडलं तर गेल्या सव्वीस वर्षांत तू या बेटावर पाऊल ठेवलं नाहीस. आजवर मी कारण विचारलं नाही, कारण तुला बोटीत मळमळतं हे मी खरं मानलं. आता मला दोन माणसांचा संशय येतो आणि त्यातली एक तू आहेस.

तरी तुझं ऐकलं. काल रविवार, म्हणून काही बोलले नाही. त्यानेही दिवसभर काम केलं नाही, शिट्टी वाजवली नाही, चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसला. आज सकाळी सांगितलं, की माझी अडचण झाली आहे, गुरुवारच्या बोटीने जावं लागेल. मला वाटलं आता तो खिशातून कागद काढणार. तो म्हणाला, ठीक आहे. मग दाराशी थांबला.

"एक विचारू? त्या सुखात आहेत का?"

"कोण?"

"नॅन."

मी म्हटलं, ती कॅनडाला गेली. तो म्हणाला, आधी तुम्ही ग्रीनॉक म्हणाला होतात. मी म्हटलं, माणसं जातात. त्याने मान हलवली. "तिकडे थंडी फार असते," म्हणाला, आणि गेला.

हे लिहिते आहे तर तो माझ्या खिडकीशी ठोकतो आहे. पेटीत रंधे आणि पटाश्या निघाल्या. म्हणे, तुमची खिडकी तरी बसवून जातो, पहिल्याच दिवशी कोट पाहिला होता. नवीन चौकट उभी करण्याआधी त्याने तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहितोस. म्हणाला, सुतारांची रीत आहे, कुणाला दिसत नाही. मला विचारशील तर लॅम्बीसाठी खूण असेल ती.

पण इस्टेटीचा माणूस माझी बहीण सुखात आहे का, हे कशाला विचारेल? याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर दे.

बेथिया


ग्रीनॉक
बुधवार, २० जुलै

ताई,

तो इस्टेटीचा माणूस नाही. तो माझा मुलगा आहे.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं.

तुझं लग्न झालं त्या वर्षी मी एअरजवळच्या मोठ्या घरात कामाला गेले, असं आईने सगळ्यांना सांगितलं. मी कामाला गेले नव्हते. फेब्रुवारीत तो झाला. नऊ दिवस माझ्याजवळ होता. दहाव्या दिवशी आई आली, त्याला एका मूल नसलेल्या जोडप्याला दिलं आणि घरी येताना बोटीवर माझ्याकडून शपथ घेतली, की बेथियाला कळू द्यायचं नाही, तिच्या सासरी नाव जाईल. बाप कोण हे विचारू नकोस. उन्हाळ्यात आला होता आणि उन्हाळ्याबरोबर गेला. म्हणून मला त्या धक्क्यावर उतरवत नाही. मळमळ खोटी होती.

रॅबला माहीत नाही. चांगला माणूस आहे तो, पण मी एकवीस वर्षं गप्प राहिले, ते गप्प राहणं तो माफ करील का हे मला माहीत नाही. मी घाबरले. तुझ्या पत्रात मॅकब्राइड हे नाव वाचलं तेव्हाच समजले. जन्माच्या कागदावर तेच आहे, बेटाच्या नावासकट. तू घरासाठी घाबरली होतीस आणि मी त्याच भीतीला फुंकर घालून माझ्याच मुलाला तुझ्या हातून घालवायला निघाले. इतकी वाईट आहे मी.

पण त्याने मी सुखात आहे का, एवढंच विचारलं. मी त्याला का टाकलं, हे नाही विचारलं. काल रात्रभर मी ते वाक्य वाचत होते.

त्याला थांबव. ताई, पाया पडते, त्याला थांबव.

नॅन


इंचकॅरा
गुरुवार, २१ जुलै

नॅन,

बोट दहाला सुटली. तुझं पत्र त्याच बोटीने आलं. पण बोट सुटल्याशिवाय मिसेस मॅकमास्टर टपालाची पिशवी उघडत नाही हे तुला माहीत आहे. सव्वाअकराला तिने ते माझ्या हातात दिलं. मी उभ्यानेच वाचलं आणि धक्क्याकडे धावले. या वयात, पायात घरच्या सपाता. भूशिरापलीकडे नुसता धूर दिसत होता.

मी त्याला निरोप द्यायलाही गेले नव्हते. दारातून बघत राहिले, तो खरंच जातो की नाही याची खात्री करायला. त्याने वळून हात केला. मी दार लावून घेतलं.

परत येताना मिसेस मॅकमास्टर म्हणाली, छान पोरगा होता हो तुमचा भाचा. लॅम्बीने त्याला गिरणीत अडवून विचारलं, कोण तू. तर तो म्हणाला, बेथिया सिलर्सच्या बहिणीचा मुलगा, मावशीची खिडकी करायला फळ्या हव्यात. लॅम्बी म्हणाला, इथे जुलैत सगळेच भाचे असतात. तर याने त्याला सांगितलं, असतील, पण मी खराच आहे. लॅम्बी हसला आणि फळ्या दिल्या. सगळ्या बेटावर खरं बोलणारा तो एकच माणूस होता, आणि मी त्याला हेर ठरवलं.

मला तुझा राग आला आहे. शपथ आईने घातली होती, पण मी काही आईसारखी नव्हते. मला सांगितलं असतंस तर मी त्याला पाळण्यात झोपवलं असतं. मला आणि नीलला मूल नाही याचं दुःख तुझ्यापासून कधी लपलेलं नव्हतं. हे लिहिते आणि पुन्हा लिहिणार नाही.

आता त्याला कुठे शोधायचं? पत्र मी चुलीत घातलं. वही ठेवली नाही. लॅम्बीला पुरावा मिळू नये म्हणून मी पुसून टाकायचं ते सगळं पुसलं, आणि त्यात पोरगा पुसला गेला. गाव कुठलं होतं तेही आठवेना. दुपारभर डोकं धरून बसले.

शुक्रवार, सकाळ

पत्र काल टाकलं नाही ते बरं झालं. बोट उद्याच आहे.

रात्री मागच्या घरात पडले होते. वारा होता, पण खोलीत झुळूकसुद्धा आली नाही. तीन रात्री मी त्या खिडकीपाशी उबेत झोपले आणि त्याबद्दल त्याला चांगला शब्द बोलले नाही. तेव्हा आठवलं, चौकटीच्या मागे तो काय लिहीत होता.

उजाडल्याबरोबर नीलची पहार काढली. काम पक्कं केलं आहे पोराने, एक खिळा सरळ निघाला नाही. शेजारचा ड्रमंड आवाज ऐकून धावत आला आणि म्हणाला, बेथिया, चांगली नवी खिडकी मोडतेस, डोकं फिरलं का? मी म्हटलं, हो, तू पलीकडून ओढ.

निघाली. मागच्या बाजूला सुबक अक्षरात आहे. तुझ्यासारखाच 'व' काढतो. जसंच्या तसं उतरवते:

'वॉल्टर पर्डी, सुतार, १४ वीव्हर्स गल्ली, किल्मारनॉक. मावशीसाठी केली. जुलै १९५५.'

मी त्याच्यासमोर त्याला भाचा म्हटलं ते फक्त खोटं म्हणून. त्याने मला मावशी म्हटलं ते जिथे कुणी बघणार नाही तिथे. मी चौकट मांडीवर घेऊन बराच वेळ रडले आणि ड्रमंड बिचारा टोपी हातात धरून उभा राहिला.

आता तू लिहायचंस. रॅबला आधी सांगायचं की नंतर, ते तुझं तू बघ, पण पोराला आजच लिही. काय लिहावं सुचलं नाही, तर इतकंच लिही, की मावशीच्या भिंतीला भोक पडलं आहे, नीलचा कोट त्यात पुरत नाही, आणि थंडीच्या आत येऊन चौकट परत बसवायला हवी. ती मी ड्रमंडला बसवू देणार नाही. आणि त्या दिवशी तू धक्क्यावर असलं पाहिजेस. मळमळलं तर मळमळू दे.

लॅम्बीची काळजी करू नकोस. त्याने विचारलं तर काय सांगायचं ते मला पाठ आहे.

तुझी,
बेथिया